हाताच्या जागी तीन जोड्या

रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की धरमतरच्या खाडीत शिरणारे बार्ज दिसतात. खनिज आणि कोळसा घेऊन ते डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जातात. तिथं त्याचं पोलाद होतं, कॉइल निघते. पण आमच्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्याला सहा मिलीची एक प्लेट हवी असेल तर ती येणार कळंबोलीच्या लोखंड बाजारातून, वडखळ-पोयनाड करत, ट्रकनं. लोखंड दारावरून पुढं जातं आणि घरात यायला वळसा घेतं. याची तक्रार आता कोणी करतही नाही. बदललं ते प्लेट आल्यानंतरचं काम.

2000 च्या आसपास रेवस-अलिबाग रस्त्यावर प्लेट कापायची म्हणजे गॅसच. एक सिलिंडर ऑक्सिजनचा, दुसरा डीएचा (ॲसिटिलीनचा) नाहीतर एलपीजीचा. कामं जास्त करून होड्यांची: सुकाणूचं पातं, विंचचा बेस, इंजिनाखालच्या पट्ट्या. खडूनं रेघ मारायची, पंचानं ठिपके द्यायचे आणि पुढचं गॅस कटरच्या हातावर सोडायचं. चांगला कटर तीन गोष्टी एकदम सांभाळायचा. भोक आरपार पडेपर्यंत तो जागचा हलायचा नाही. प्लेट कितीही वाकडी असो, नोझलचं अंतर तेवढंच ठेवायचा. आणि ठिणग्या खाली पडायच्या सोडून वर उडाल्या की काप सुटला हे ओळखून मागं यायचा. हे त्याला कोणी बसवून शिकवलेलं नसायचं, आणि विचारलं तर त्यालाही सांगता यायचं नाही. मजुरी मात्र हेल्परपेक्षा थोडीच जास्त.

गॅसची अडचण रसायनाची आहे. ऑक्सिजन लोखंड जाळतो, म्हणून साधं स्टील कापलं जातं. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा चिवट थर येतो आणि जाळ तिथंच अडतो. प्लाझ्मा धातू जाळत बसत नाही. बारीक नोझलमधून दाबानं सोडलेल्या वायूतून विजेचा आर्क जातो, धातू वितळतो आणि वायूच त्याला खाली उडवून देतो. ही अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागातल्या रॉबर्ट गेजची करामत. पेटंट 1957 चं. त्याआधी 1952 मध्ये एमआयटीत आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन दाखवून झालं होतं. मोठ्या कारखान्यांनी या दोन गोष्टींचं लग्न कधीच लावून दिलं. लहान दुकानांपर्यंत वरात पोचायला मात्र अर्धशतक गेलं.

पोचली ती दोन वाटांनी. एक, स्वस्त चिनी इन्व्हर्टर प्लाझ्मा. दुसरी, फुकट किंवा जवळपास फुकट सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं 1990 च्या दशकात केलेला नियंत्रक सर्वांना खुला झाला आणि त्यातून लिनक्ससीएनसी उभं राहिलं. विंडोजवर माक-थ्री आलं. दोन्हींना पुरायचा एक जुना कॉम्प्युटर, प्रिंटरची पंचवीस पिनांची खाच असलेला. आणि गिऱ्हाईक तर आमच्या दारातच होतं. मांडवा, आवास, सासवणे, किहीम इथं मुंबईकरांचे बंगले उठत होते आणि प्रत्येकाला गेटवर जाळी हवी होती: वेली, मोर, घराचं नाव. असलं नक्षीकाम गॅसनं होत नाही. झालं तरी ग्राइंडर मारता मारता मजुरी संपते.

टेबल बनवणं अवघड नव्हतं. चौकट, रॅक-पिनियन, स्टेपर मोटर, हे सगळं वेल्डरच्या आवाक्यातलं. घोडं अडलं ते टेबल आणि प्लाझ्मा यांना जोडताना, कारण दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. गॅस कटर जे हातानं करायचा त्याच्या तारा करायच्या होत्या. मागं वळून पाहिलं की हे फार स्पष्ट दिसतं: त्याच्या तीन सवयी, ताराही तीनच जोड्या.

पहिली जोडी सोपी. टॉर्चचा ट्रिगर म्हणजे अखेर एक स्विच. त्याच्या दोन तारा बाहेर काढून रिलेवर दिल्या की कॉम्प्युटर ट्रिगर दाबतो. बरीच दुकानं इथंच थांबली. भोक पडायला म्हणून ठरावीक वेळ थांबायचं आणि देवाचं नाव घेऊन पुढं सरकायचं. आर्क पेटलाच नाही तर टॉर्च प्लेटवरून नुसता फिरून यायचा. कॉम्प्युटरच्या मते काम झालेलं, प्लेटवर ओरखडासुद्धा नाही.

म्हणून दुसरी जोडी, आर्क प्लेटपर्यंत पोचला हे सांगणारी. यात वीज पाठवायची नसते, प्लाझ्माच्या पोटातला रिले फक्त दोन टोकं जुळवतो. ती जुळली की मग थांबण्याचा वेळ मोजायला लागायचं, आणि काप चालू असताना ती सुटली तर गॅन्ट्री, म्हणजे टॉर्च फिरवणारी चौकट, जागीच उभी. वर उडणाऱ्या ठिणग्या ओळखणारा डोळा तो हाच. 2008 च्या सुमारास आलेल्या हायपरथर्मच्या पॉवरमॅक्स 45 वर यासाठी चौदा पिनांचं सॉकेट घेता यायचं: 3 आणि 4 वर सुरुवात, 12 आणि 14 वर आर्कची खूण, 5 आणि 6 वर तिसऱ्या जोडीसाठी विभागलेला व्होल्टेज. स्वस्त मशिनांत हे काहीच नसायचं, झाकण उघडून शोधावं लागायचं. आत कपॅसिटर भरलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ झटका देतात, हे कळायच्या आधीच लोक हात घालायचे.

तिसरी जोडी खरी कसबाची. आर्क लांबला की त्याचा व्होल्टेज वाढतो, आखूड झाला की उतरतो. म्हणजे व्होल्टेज मोजला की उंची कळली. पण शंभरच्या वर व्होल्ट कंट्रोलरला थेट देता येत नाहीत, म्हणून पन्नासास एक या प्रमाणात कमी करायचे. 120 चे 2.4. लहान मशिनवर भोक पाडताना टॉर्च प्लेटपासून सुमारे 3.8 मिलीवर आणि कापताना दीड मिलीवर. एवढ्याशा जागेत, तापून फुगणाऱ्या पत्र्यावर, हे अंतर सतत राखायचं. कोपऱ्यावर वेग कमी झाला की फट रुंदावते, व्होल्टेज चढतो आणि कंट्रोलरला वाटतं टॉर्च वर गेला. तो टॉर्च खाली दाबतो आणि नोझल प्लेटवर आपटतं. म्हणून कोपऱ्यापुरती ही देखरेख बंद ठेवावी लागते. जुना गॅस कटर हे ऐकून हसला असता. कोपऱ्यावर हात आपोआप जड होतो, त्याला काय सांगायचं?

या तारांचं सामान मुंबईचं. रिले, ऑप्टोकपलर, शील्डेड केबल लॅमिंग्टन रोडवरून, जाड वायर लोहार चाळीतून, आणि पिशवी घेऊन भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला. सामान विसरलं तर दिवस गेला. मार्च 2020 मध्ये मांडव्याची रो-रो फेरीबोट सुरू झाली तोवर यातलं बरंचसं कुरियरनं यायला लागलं होतं.

सगळ्यांत जास्त दिवस खाल्ले ते मात्र गोंगाटानं, कानाला ऐकू न येणाऱ्या. स्वस्त मशीन आर्क पेटवायला काही हजार व्होल्टची उच्च वारंवारतेची ठिणगी टाकतं, आणि आजूबाजूची प्रत्येक तार तिचा अँटेना होते. कॉम्प्युटर गोठायचा, मोटर पावलं चुकायची, मोराची मान भलतीकडे जायची. इलाज कंटाळवाणे: सिग्नलच्या तारा पीळ देऊन शील्डमध्ये, शील्ड एकाच टोकाला अर्थ, टॉर्चची केबल त्यांच्यापासून लांब, अर्थ क्लॅम्प टेबलाच्या पायाला न लावता प्लेटलाच. शेवटी अर्थिंग. देशावर खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात. इथल्या खाजणाच्या जमिनीत मीठ आयतंच आहे. वीज छान उतरते, पण जीआयचा पाइपही तेच मीठ खातं, आणि वरून पाहिलं तर काही कळत नाही. माझं मत विचाराल तर रेवसच्या पट्ट्यात निम्मे ‘सॉफ्टवेअरचे प्रॉब्लेम’ जमिनीखाली होते. राहिलेले हवेत: दमट हवा कॉम्प्रेसरमधून ड्रायरशिवाय गेली की इलेक्ट्रोडमधला हाफनियम बघता बघता खलास.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती. आली तेव्हा कामांची रांग होती ती छपरांच्या जोडपट्ट्यांची: एकसारख्या, भोकांसह, शेकड्यानं. मोर आणि वेलींसाठी जमवलेली टेबलं त्या वेळी पहिल्यांदा पूर्ण दिवस चालली.

आता पातळ पत्र्याची नक्षी तळोज्याहून लेझरवर कापून येते, कडा तलवारीसारख्या. प्लाझ्माकडे राहिली जाड, गंजकी प्लेट आणि आज मोजलं, आज हवं अशी होडीची कामं. नवी टेबलं कंट्रोलरसकट येतात, तारा आधीच जोडलेल्या, पेनड्राइव्ह खुपसली की चालू. बिघडलं तर मेकॅनिक फोनवर पहिलं विचारतो ते अर्थिंगचंच. आणि भोक पाडायला किती थांबायचं हा आकडा, पुस्तकात छापलेला असूनही, गंजक्या प्लेटवर ठरवायचा असला तर मालक अजून जुन्या गॅस कटरलाच हाक मारतात. तो ठिणग्या बघून सांगतो, पोरगा आकडा भरतो.