इंग्रजी कवींची सृष्टिदृष्टि

वर्ड्स्वर्थ हा इंग्रजी भाषेंतला पहिला निसर्गकवि, आणि त्याच्यापूर्वींच्या कवींस लंडनबाहेरचें जग जणूं ठाऊकच नव्हतें, अशी एक समजूत आपल्याकडील सुशिक्षित घरांत कॉलेजांतल्या टिपणांच्या वहीबरोबर बापाकडून मुलाकडे चालत आलेली आहे. ती अगदींच निराधार नाहीं. पण तिचा एक मोठा उगम खुद्द वर्ड्स्वर्थ हाच आहे, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. १८१५ सालीं आपल्या कवितासंग्रहास जोडलेल्या निबंधांत त्यानें असा निवाडा दिला कीं, मिल्टनचें 'पॅरडाइज लॉस्ट' निघाल्यापासून थॉम्सनचें 'दि सीझन्स' निघेपर्यंत, एक-दोन अपवाद वगळतां, बाह्य सृष्टीची एकहि नवी प्रतिमा इंग्रजी काव्यांत आली नाहीं. म्हणजे १६६७ पासून १७३० पर्यंतचीं साठांहून अधिक वर्षें त्यानें एका फटक्यासरशीं कोरडीं ठरविलीं! फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असला म्हणजे निकाल असा झटपट लागतो.

त्यानें वगळलेले अपवाद मात्र मोठे मासलेवाईक आहेत. पोपच्या 'विंडसर फॉरेस्ट' या काव्यांतला एखाददुसरा उतारा हा एक, आणि लेडी विंचिल्सी या कवयित्रीची रात्रीवरील कविता हा दुसरा. दोन्ही कृति १७१३ सालींच पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्या. या बाईंच्या कवितेंत एक प्रसंग आहे. काळोखांत कांहीं तरी हळूहळू जवळ येत आहे, या भीतीनें मन दचकतें. मग गवत उपटून चावल्याचा आवाज कानीं पडतो आणि कळतें कीं, हा तर मोकळा सोडलेला घोडा चरत आहे. रात्रीं शेतावर राहिलेल्या माणसालाच असें लिहितां येईल. हें ज्ञान डोळ्यांचें नव्हे, कानांचें आहे; आणि तें कोणत्याहि लॅटिन ग्रंथांतून उचललेलें नाहीं.

कारण त्या काळची सर्वसाधारण रीत निराळी होती. मासा म्हणावयाचा नाहीं, परांची प्रजा म्हणावयाचें; पक्षी म्हणावयाचा नाहीं, पिसांचें कुल म्हणावयाचें; मेंढ्या म्हणजे लोकर वाहणारें राष्ट्र! ज्यांनीं लहानपणीं अमरकोश घोकला आहे त्यांना याचें फारसें नवल वाटणार नाहीं. वर्ड्स्वर्थनें या भाषेची मनसोक्त टर उडविली. तथापि तो काळ आंधळा होता असें आम्हांस वाटत नाहीं. जें एका झाडाचें आहे तें सांगण्यापेक्षां जें सर्व झाडांचें आहे तें सांगणें, यांत कवीची प्रतिष्ठा आहे, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. आणि 'परांची प्रजा' हा शब्दप्रयोग तत्कालीन सृष्टिशास्त्राच्या वर्गीकरणाशीं नातें सांगणारा आहे, हें पुढील अभ्यासकांनीं दाखवून दिलेलें आहे. पोप स्वतः ट्विकनम येथें थेम्सच्या कांठीं हौसेनें बाग करीत असे. त्याला झाडें दिसत होतीं. पण व्हर्जिलच्या गोपगीतांवर वाढलेला कवि लेखणी हातीं घेतांच थेम्सच्या तीरावर इटलीचे मेंढपाळ आणून बसवी.

ही कोंडी प्रथम फोडली ती एका स्कॉटिश पाद्र्याच्या मुलानें. जेम्स थॉम्सनचा 'विंटर' १७२६ सालीं निघाला, आणि चारी ऋतु १७३० सालीं एकत्र झाले. त्याची भाषा अद्याप जुन्या वळणाची, लांबलचक व घोळदार आहे. परंतु ती मध्येंच थांबते आणि पाहूं लागते. बर्फांत वाट चुकून घरापासून थोड्याच अंतरावर मरून पडणारा शेतकरी, थंडीनें कासावीस होऊन घरांत कण टिपावयास शिरलेला रॉबिन पक्षी, हीं चित्रें एकदां वाचलेला मनुष्य विसरत नाहीं. न्यूटनच्या प्रकाशशास्त्रानें इंद्रधनुष्याची शोभा उणावली नसून वाढलीच आहे, असें थॉम्सनला वाटे. न्यूटन १७२७ सालीं वारला तेव्हां त्यानें त्याच्यावर कविताहि लिहिली. या काव्याची कीर्ति एवढी पसरली कीं, हायडननें त्यावर रचलेलें संगीत १८०१ सालीं व्हिएन्नांत गाजलें. सर विल्यम जोन्स यानें १७९२ सालीं कलकत्त्यास कालिदासाचें म्हणून 'ऋतुसंहार' मूळ संस्कृतांत छापलें, तेव्हां मुखपृष्ठावर इंग्रजी नांव घातलें तेंहि 'दि सीझन्स' हेंच!

शतकाच्या उत्तरार्धांत सृष्टिदर्शन ही एक फॅशन झाली. क्लॉड या फ्रेंच चित्रकाराच्या नांवानें ओळखला जाणारा, काळसर छटेचा एक लहान बहिर्गोल आरसा प्रवासी जवळ बाळगीत. देखाव्याकडे पाठ करून उभें राहावयाचें आणि आरशांत त्याचें चित्र पाहावयाचें! १७६९ सालीं कवि ग्रे केसिक येथें असाच आरसा उघडा धरून चालत असतां चिखलाच्या वाटेंत उताणा पडला. बोटांच्या पेरांवर निभावलें, आणि तरी त्यानें उठून सूर्यास्त पाहिलाच. हें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. गिल्पिन नांवाच्या पाद्र्यानें तर टिंटर्न येथील भग्न मठाच्या भिंती चित्राच्या दृष्टीनें नीट नाहींत, एखादा हातोडा विचारपूर्वक चालविला तर बरें, अशी सूचना १७८२ सालीं छापली. सोळा वर्षांनीं वर्ड्स्वर्थनें त्या प्रदेशावर आपली विख्यात कविता लिहिली. तिच्या मथळ्यांत मठाचें नांव आहे, पण आंत मठाचें वर्णन नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे वारा कसा फिरला होता तें समजतें. देखावा आतां आरशांत राहिला नव्हता. तो स्मृतींत गेला होता.

वर्ड्स्वर्थविषयीं वाचकांस फार सांगावयास नको. त्याचा नातू विल्यम वर्ड्स्वर्थ पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत व पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकवीत होता, आणि डॅफोडिलचें फूल जन्मांत न पाहिलेल्या किती पिढ्यांनीं तीं फुलें तोंडपाठ केलीं, त्याची गणतीच नाहीं. त्या फुलांची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. १५ एप्रिल १८०२ रोजीं अल्सवॉटर सरोवराच्या कांठीं तीं त्याला दिसलीं, तेव्हां बहीण डॉरथी बरोबर होती. वारा सोसाट्याचा होता. कांहीं फुलें दमून दगडांवर मान टेकून पडल्यासारखीं दिसत होतीं आणि बाकीचीं डुलत होतीं, अशा अर्थाची नोंद तिनें आपल्या रोजनिशींत केली. कविता १८०७ सालीं छापली गेली, आणि तींत कवि एकटाच भटकत आहे! कवितेंतल्या सर्वांत चांगल्या दोन ओळी आपल्या पत्नीच्या आहेत, असें मात्र त्यानें पुढें मोकळेपणानें सांगितलें. डॉरथीची रोजनिशी तिच्या हयातींत छापली गेली नाहीं. पाहणारी ती, आठवणारा तो, अशी जणूं कामाची वांटणीच होती.

या दोन कामांतलें पहिलें ज्यानें शेवटपर्यंत सोडलें नाहीं, तो कवि आमच्याकडील अभ्यासक्रमांत बहुधा नसतो. जॉन क्लेअर हा नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या हेल्प्स्टन गांवचा मजूर, जन्म १७९३. त्याच्या सोळाव्या वर्षीं, १८०९ सालीं, त्या भागांतील सामाईक जमिनींस कुंपण घालण्याचा कायदा पार्लमेंटनें केला. गुरें चारावयाचीं कुरणें, पायवाटा, जुनीं झाडें, ओढ्यांचीं वळणें एकामागून एक नाहींशीं झालीं. आणि पोटासाठीं कुंपणें घालण्याच्या कामावर त्याला स्वतःलाहि जावें लागलें. १८२० सालीं त्याचें पहिलें पुस्तक निघालें आणि थोड्याच काळांत त्याच्या चार आवृत्त्या झाल्या. परंतु श्रीमंतांवर बोट ठेवणाऱ्या ओळी एका आश्रयदात्या लॉर्डसाहेबांस खपल्या नाहींत. पुढील आवृत्तींत त्या गाळाव्या लागल्या. फुलें लिहावीं, कुंपण लिहूं नये! सृष्टिवर्णन निरुपद्रवी असतें असें ज्यांस वाटतें त्यांनीं ही गोष्ट पाहावी.

कीट्सचा व त्याचा प्रकाशक एकच होता. क्लेअरच्या कवितेंत वर्णन भावनेवर चढून बसतें, असा कीट्सचा अभिप्राय प्रकाशकानें त्यास कळविला. क्लेअरचें म्हणणें उलट होतें: कीट्स सृष्टि आपल्या कल्पनेंत दिसते तशी रंगवितो, प्रत्यक्ष पाहिली असती तर त्यानें ती तशी लिहिली नसती. आम्हांस कीट्सची शरदावरील कविता अधिक प्रिय आहे. तरीहि या वादांत आम्ही क्लेअरच्या बाजूला झुकतों. त्याच्या घरट्यांवरील कवितांत अंड्यांचा रंग, काड्यांची वीण, आंत लावलेलें शेवाळ हें सर्व असतें, आणि त्याबरोबरच पक्षीण उडून जाऊं नये म्हणून हळूं या, हात लावूं नका, अशी वाचकाला घातलेली गळहि असते.

१८३७ सालीं मनाचा तोल गेल्यामुळें त्याला एसेक्समधील वेड्यांच्या दवाखान्यांत ठेवण्यांत आलें. १८४१ सालीं तो तेथून निसटला आणि सुमारें ऐशीं मैल चार दिवसांत पायीं चालून घराकडे आला. वाटेंत भूक अनावर झाली तेव्हां त्यानें रस्त्याकडेचें गवत खाल्लें. वर्ष संपण्यापूर्वींच त्याला नॉर्दॅम्प्टनच्या दवाखान्यांत नेलें, आणि १८६४ सालीं तो तेथेंच वारला. त्याच्या कवितांचा मोठा भाग विसाव्या शतकांतच छापला गेला. हस्तलिखितांत तो विरामचिन्हें क्वचितच घाली, आणि गांवच्या बोलींतले शब्द तो जसेच्या तसे ठेवी. तीं चिन्हें घालावीं कीं नाहीं, ते शब्द सुधारावे कीं नाहीं, यावर संपादकांत मोठा वाद झालेला आहे.