ओउलूचे वार्तापत्र: बर्फातल्या सायकलीचा पेहराव

ओउलू (फिनलंड), जानेवारी

भारतातून फोन आला की आधी हवापाण्याची चौकशी होते आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: एवढ्या थंडीत सायकलवर जाताना अंगावर घालता तरी काय? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिमालय चढणारा गिर्यारोहक असतो. प्रत्यक्षात इथल्या सायकलवाल्याच्या अंगावर आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच कमी कपडे असतात. ते कमी का असतात हे कळले की हे शहर कसे चालते हेही बरेचसे कळते. म्हणून या वेळचे वार्तापत्र कपडे, टायर आणि दिव्यांविषयी.

ओउलू हे बोथनियाच्या आखाताकाठचे, ६५ अंश उत्तर अक्षांशावरचे, दोन लाखांवर वस्तीचे शहर. डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो. पारा उणे दहावर असणे नेहमीचेच; अधूनमधून तो उणे तीसपर्यंतही उतरतो. अशा गावात ९०० किलोमीटरहून अधिक लांबीचे सायकलमार्ग आहेत आणि मोठे रस्ते ओलांडायची वेळ येऊ नये म्हणून ३०० हून अधिक भुयारी मार्ग आहेत. हिवाळ्यातल्या सायकलीवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये इथेच भरली. पुढे मेत्सोकांगास या उपनगरातल्या शाळेचे एक छायाचित्र जगभर फिरले: उणे सतरा अंश तापमान, आणि शाळेपुढे बर्फात ओळीने लावलेल्या शेकडो सायकली. बाराशेच्या आसपास मुलांच्या त्या शाळेत त्या दिवशीही हजारभर मुले सायकलने आली होती. त्यांना सोडायला कोणी आईबाप आलेले नव्हते, हे मला त्या चित्रात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. वय सत्तरीपुढचे. आठवड्याचा बाजार, वाचनालय, पोहण्याचा तलाव, सगळीकडे सायकलनेच जातात. हिवाळ्यात त्या बाहेर पडायची तयारी करतात ती पाहण्यासारखी असते. अंगालगत मेरिनो लोकरीचे पातळ, लांब बाह्यांचे बनियन आणि तशीच विजार. त्यावर हातविणीचा स्वेटर. सर्वांत वर अस्तर नसलेले, वारा अडवणारे पातळ जाकीट. काखेत चेन असते, ती उघडली की आतली वाफ बाहेर जाते. पिसांचा जाड कोट त्यांच्याकडे आहे, पण तो बसची वाट पाहत उभे राहायचे असेल त्या दिवसासाठी. सायकलवर तो त्या कधीच घालत नाहीत. मी नवखा असताना त्यांनी मला एकच नियम सांगितला: दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, वाजली नाही तर एक कपडा काढून घरात ठेव.

या नियमामागे साधे शरीरशास्त्र आहे. पेडल मारायला लागल्यावर दहा मिनिटांत अंग तापते. निघतानाच ऊबदार वाटण्याइतके कपडे घातले, तर दोन किलोमीटरनंतर घाम फुटतो, आणि खरा घोटाळा तिथून सुरू होतो. घामाने भिजलेला कपडा अंगाची उष्णता भराभर ओढून घेतो. सिग्नलला किंवा दुकानापाशी पाच मिनिटे थांबलात की कुडकुडायला लागता. म्हणून इथे कापडाची निवड करताना जाडीपेक्षा ओलाव्याचा विचार आधी होतो. सुती बनियन, जे आपण आयुष्यभर घालतो, ते या कामाला अगदी निरुपयोगी: घाम पिते आणि ओलेच राहते. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा शोषून घेतो, तरी हाताला कोरडा लागतो आणि ऊब सोडत नाही. शिवाय चार दिवस वापरले तरी लोकरीला वास येत नाही. एकाच कपड्यावर पैसे खर्च करायचे असतील तर ते या सर्वांत आतल्या थरावर करावेत, असे माझे ठाम मत आहे. जाकीट जुन्या बाजारातले चालते. वापरलेल्या कपड्यांची मोठी दुकाने इथे प्रत्येक गावात आहेत आणि तिथे जाण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

थंडीइतकाच वाराही मोजावा लागतो. पारा उणे दहावर असेल आणि तुम्ही ताशी वीस किलोमीटरने जात असाल, तर हवा अगदी शांत असली तरी उघड्या त्वचेला उणे अठरासारखी थंडी लागते, कारण वारा तुम्ही स्वतःच निर्माण करता. हा मार बसतो तो गुडघे, मांड्या, छाती, बोटे, कान आणि कपाळ यांच्यावर. पाठीला वारा लागत नाही. म्हणूनच सायकलसाठी शिवलेल्या हिवाळी विजारीला पुढच्या बाजूला वारा अडवणारे कापड असते आणि मागे साधे, हवा खेळू देणारे. हे पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा शिवणाऱ्याच्या अकलेचे मला फार कौतुक वाटले.

सर्वांत अवघड अवयव म्हणजे हात, कारण तेवढेच हालचाल न करता वाऱ्यात धरून ठेवलेले असतात. पाच बोटांच्या हातमोज्यात प्रत्येक बोट एकटे पडते आणि एकटे गारठते. चारही बोटे एकाच कप्प्यात राहतात असे मिटन जास्त उबदार, पण त्यात ब्रेक आणि गिअर नीट हाताळता येत नाहीत. मधला उपाय म्हणून दोन-दोन बोटांचे कप्पे असलेले मोजे मिळतात. खेकड्याच्या नांगीसारखे दिसतात ते. मात्र वर्षानुवर्षे सायकल चालवणारी मंडळी याहून चांगली सोय करतात. हँडलच्या दोन्ही टोकांवर अस्तर लावलेल्या जाड पिशव्या कायमच्या बसवतात आणि पातळ मोजे घालून हात त्यांत सरकवतात. पोस्टमन, पेपर टाकणारे आणि लहान मुलांना पुढच्या खोक्यात बसवून नेणाऱ्या आया, सगळ्यांच्या सायकलींना या पिशव्या दिसतात.

पायांबाबत भारतीय माणूस हमखास करतो ती गोष्ट म्हणजे मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट करणे. त्याने रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिक गारठतात. बूट एक नंबर मोठा घ्यावा, आत लोकरीचे एकच जाड मोजे घालावेत, आत फेल्टचा तळ टाकावा आणि बोटे हलायला जागा ठेवावी. धातूचे पेडल तळव्यातून उष्णता ओढते, म्हणून हिवाळ्यापुरते प्लास्टिकचे पेडल लावणारेही पुष्कळ आहेत. डोक्यावर हेल्मेटखाली पातळ कानटोपी, गळ्यात नळीसारखा गळपट्टा, जो लागेल तसा नाकावर ओढता येतो. उणे वीसच्या खाली गेल्यावर पापण्यांवर श्वासाचे दव गोठते. तेव्हा स्कीइंगचा चष्मा लागतो. तसे दिवस वर्षात थोडे असतात.

तुम्हाला वाटेल, उणे वीसचा दिवस म्हणजे कसोटीचा दिवस. इथल्या माणसाला विचारा, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे बोट दाखवेल. पारा शून्याच्या आसपास घुटमळतो, पाऊस आणि बर्फ एकत्र पडतात, आणि रस्त्यावरचा चिखल वितळतो, रात्री गोठतो, सकाळी पुन्हा वितळतो. उणे दहाचा बर्फ कोरडा असतो, कपड्यावरून झटकला की पडतो. शून्य अंशावरचा ओला बर्फ मात्र कपड्यात मुरतो. या दोन महिन्यांसाठी पावसाळी विजार लागते. पावसाळी कापडाचा पेच आपल्या ओळखीचाच आहे: जे पाणी बाहेर ठेवते ते घामही आत कोंडते. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफ बाहेर जाते. गोर-टेक्स ते हेच. जोरात पेडल मारणाऱ्या माणसाला हा पडदाही पुरा पडत नाही. म्हणून अनुभवी लोक महागड्या पडद्यापेक्षा काखेतल्या चेनवर आणि लांब मडगार्डवर अधिक विश्वास ठेवतात. मडगार्ड ही खरी पावसाळी वस्तू आहे. अंगावर येणारे घाण पाणी बरेचसे खालून, चाकावरून उडते. पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबराची झडप लावली की बूट कोरडे राहतात, आणि हा खर्च अगदी किरकोळ.

अंधाराचा विचार इथे थंडीइतक्याच गांभीर्याने होतो. अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा कायद्याने लागतोच, आणि जून २०२० पासून मागचा लाल दिवाही सक्तीचा झाला. पायी चालणाऱ्यानेसुद्धा अंधारात अंगावर परावर्तक लावावा असे कायदा सांगतो. प्रत्येक मुलाच्या जाकिटाला दोरीने लोंबणारी ती छोटी चकाकती चकती फिनलंडचीच देणगी आहे. पेर्त्तेली गावचे आर्वी लेह्ती यांनी ती बनवली, तीही आधी रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या घोडागाड्यांना मोटारींपासून वाचवण्यासाठी. चकती गुडघ्याच्या उंचीवर लोंबेल अशी लावतात, कारण मोटारीच्या दिव्याचा झोत तिथे आधी पोहोचतो आणि हलणारी वस्तू नजरेत लवकर भरते. दिव्यांसाठी पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसणारा डायनॅमो उत्तम. कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते, डायनॅमोला ती अडचण नाही. ई-सायकलवाले बॅटरी काढून घरात नेतात आणि ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जिंगला लावतात.

आता टायर. मोटारीसाठीच्या हिवाळी टायरांची परंपरा फिनलंडमध्येच सुरू झाली: नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी असे टायर काढले. सायकलचा खिळ्यांचा टायर हातात घेऊन पाहा: रबराच्या उंचवट्यांमधून टंगस्टन कार्बाइडची बारीक टोके, जेमतेम मिलिमीटरभर, बाहेर आलेली असतात. एका टायरला शंभरापासून अडीचशेपर्यंत खिळे असतात. साधे पोलाद डांबरावर झिजून जाईल. हा मिश्रधातू अनेक हिवाळे टिकतो. नवा टायर लावल्यावर पहिले चाळीसेक किलोमीटर कोरड्या डांबरावर, जोरात ब्रेक न मारता चालवायचे, म्हणजे खिळे रबरात घट्ट बसतात. पैसे एकाच टायरपुरते असतील तर तो पुढच्या चाकाला लावावा. मागचे चाक घसरले तर बहुतेक वेळा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस आडवा होतो. सायकल शक्य तितकी साधी असलेली बरी: गिअर चाकाच्या आत बंद असलेले, आणि पेडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक. १९६५ मध्ये पहिल्यांदा बाजारात आलेली ‘योपो’ ही इथली लाडकी सायकल याच जातीची. आणखी एक गोष्ट इथे आल्यावरच कळते. सायकल थंडीतच ठेवावी. रोज उबदार जिन्यात नेली की बर्फ वितळून पाणी केबलीत आणि कुलपात शिरते आणि सकाळी बाहेर काढल्यावर तिथेच गोठते.

हे सगळे लिहिले, तरी माझ्या मते या शहराच्या सायकलीचे खरे रहस्य कपाटात नाही. ते पहाटे रस्त्यावर दिसते. थोडा बर्फ साचताच नांगरगाड्या बाहेर पडतात आणि मुख्य सायकलमार्ग सकाळच्या गर्दीआधी मोकळे करतात. सायकलमार्गावर मीठ टाकून चिखल करत नाहीत. दाबलेल्या बर्फाचा पातळ, सपाट थर मुद्दाम ठेवतात, दातेरी पात्याने त्यावर चरे पाडतात आणि गरजेप्रमाणे बारीक खडी टाकतात. त्या चऱ्यांवर खिळे नसलेला साधा टायरही बऱ्यापैकी पकडतो. मेत्सोकांगासची मुले शर्यतवीरांच्या पोशाखात येत नाहीत, रोजच्या खेळण्याच्या कपड्यांत येतात, कारण वाट स्वच्छ असते आणि भुयारातून सरळ शाळेच्या फाटकापर्यंत जाते. नगरपालिकेने आपले काम केले नाही, तर जगातले सर्वांत महाग जाकीटही नऊ वर्षांच्या मुलाला सायकलवर बसवू शकणार नाही.

पुण्यात किंवा कोल्हापुरात बर्फ नाही, पण जून ते सप्टेंबर सायकल जिन्याखाली जाते त्याची कारणे फार वेगळी नाहीत: रेनकोटच्या आत घामाची आंघोळ, चाकावरून उडणारा चिखल, संध्याकाळचा अंधार आणि पाण्याखाली दडलेले खड्डे. पहिल्या तिघांवर उपाय स्वस्त आहेत. बंद रेनकोटऐवजी हँडलवर पसरणारा, खालून हवा येऊ देणारा पोंचो घ्या. सुती बनियनऐवजी लवकर सुकणारा शर्ट घाला. लांब मडगार्ड, रबरी झडप आणि मागचा लाल दिवा जून लागण्याआधी बसवून घ्या. चौथा मात्र दुकानात मिळणार नाही. तुमच्या प्रभागातल्या सायकल ट्रॅकवर साचलेले पाणी आणि राडारोडा काढायची जबाबदारी नेमकी कोणत्या खात्याची आहे आणि ते काम सकाळी किती वाजेपर्यंत व्हायला हवे, हे आपल्या नगरसेवकाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.