जुन्या ब्रिटिश बंदुकीचं वय कसं ओळखतात?

जुनी दुनळी बंदूक समोर आली की आधी नक्षी आणि कारागिराचं नाव पाहिलं जातं. पण नाव फसवू शकतं. बेल्जियममध्ये बनलेल्या अनेक बंदुकांवर नामांकित इंग्रज कारागिरांशी मिळतीजुळती नावं कोरलेली असत. खरी माहिती नळ्यांच्या पोटाला असते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या की मागच्या टोकाला खालून बारीक ठसे दिसतात.

हे चाचणीचे ठसे. ब्रिटनमध्ये बंदूक विकण्याआधी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवावी लागते. नळी टिकली, तरच ठसा मिळतो. हे काम लंडन आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहांत चालतं. लंडनचा ठसा म्हणजे मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली 'जी' आणि 'पी' ही अक्षरं. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ सालचं. तिथे १९०४ पर्यंत मुकुट आणि तिरके राजदंड असलेला ठसा मारत, त्यानंतर मुकुटाखाली 'बीपी' आलं.

नळीवर 'नॉट फॉर बॉल' लिहिलेलं असेल तर ती १८७५ ते १८८७ या काळातली. तोंडाशी अरुंद केलेल्या नळीतून गोळी झाडू नका, फक्त छर्रे वापरा, असा त्याचा अर्थ.

सगळ्यात महत्त्वाची अक्षरं म्हणजे 'एनपी', म्हणजेच नायट्रो प्रूफ. ती १९०४ च्या नियमांनी आली. त्याआधी काही वर्षं 'नायट्रो प्रूफ' हे शब्दच कोरत. यातलं काहीच नसेल, तर ती नळी बहुधा फक्त काळ्या दारूवर तपासलेली आहे. अशा नळीत आजचं काडतूस घातलं तर ती हातातच फुटू शकते.

आणि 'एनपी' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. ठसा त्या दिवशीच्या नळीचा असतो. नंतर कुणी गंज काढायला नळी आतून घासली असेल, तर धातू पातळ झालेला असतो. ते आकड्यांवरून कळतं: नळीवर १३ असेल तर आतला व्यास सुमारे ०.७१० इंच हवा. मोजल्यावर तो ०.७२९, म्हणजे १२ च्या मापाचा निघाला, तर ठसा आता लागू नाही. हे मोजमाप परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच करून घ्यावं.