थंडीत बोकडांना कोणता खुराक द्यायचा? पोत्याची किंमत बघू नका, हे तीन हिशोब करा



बोकड फॅटनिंगचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, थंडीत कोणतं पोतं आणू?" मागच्या डिसेंबरात एका ताईंचा असाच फोन आला. बचत गटाचं कर्ज काढून त्यांनी दहा बोकड घेतले होते. बकरी ईदला विकायचा प्लॅन. महिनाभर कडबा घातला, वजन काही हलेना. मग शेजारच्याने सांगितलं, "मका घाला, लगेच भरतात." ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी घमेलं भरून मका भरडा ठेवला. दोन दांडग्या बोकडांनी बाकीच्यांना ढकलून तो खाल्ला. संध्याकाळी त्यातला एक पोट फुगून आडवा झाला आणि रात्रीत गेला.

मका वाईट नव्हता. पण जनावराला काय कमी पडतंय हे न बघता पोतं आणलं, आणि एकदम घातलं. आज हेच नीट समजून घेऊ.

आधी कमी काय आहे ते ओळखा

दिवाळीनंतर बांधावरचा हिरवा चारा वाळत जातो. गव्हाणीत उरतो ज्वारीचा कडबा. कडब्यात प्रोटीन साधारण ३ ते ५ टक्के असतं. शेळीच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात, चारा पचवायचं खरं काम तेच करतात. त्यांना नीट काम करायला एकूण आहारात किमान ७ टक्के तरी प्रोटीन लागतं. त्याखाली गेलं की कडबा पोटात पडून राहतो, जनावर खाणंच कमी करतं. वाढत्या बोकडाला तर १२ टक्क्यांच्या आसपास हवं.

आता बघा, मक्यात प्रोटीन जेमतेम ९ टक्के. मका म्हणजे ताकद, एनर्जी. नुसत्या कडब्यावर नुसता मका घातला तर मूळ अडचण तशीच राहते. म्हणून नियम लक्षात ठेवा: वाळक्या चाऱ्यावर आधी प्रोटीन, मग धान्य.

हिशोब पहिला: एक किलो प्रोटीन कितीला पडतं?

एका किलोच्या किमतीला प्रोटीनच्या टक्क्याने भागा. खालचे भाव मी उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

- सरकी पेंड: ३५ रुपये किलो, प्रोटीन सुमारे २२ टक्के. एक किलो प्रोटीन १५९ रुपयांना.
- सोयाबीन पेंड (डीओसी): ४५ रुपये, ४५ टक्के. एक किलो प्रोटीन १०० रुपयांना.
- गव्हाचा कोंडा: २६ रुपये, १५ टक्के. १७३ रुपयांना.
- मका: २४ रुपये, ९ टक्के. २६७ रुपयांना.

दुकानात सगळ्यात महाग दिसणारी सोयाबीन पेंड इथे सगळ्यात स्वस्त निघाली! आणि स्वस्त वाटणारा मका प्रोटीनसाठी सगळ्यात महाग. तयार पशुखाद्याचं पोतं घेणार असाल तर त्यावरचं लेबल वाचा. क्रूड प्रोटीन किती लिहिलंय ते बघा आणि हेच गणित करा. लेबलच नसेल तर पोतं उचलू नका.

पण त्याहून स्वस्त प्रोटीन तुमच्या बांधावर आहे. शेवरी, सुबाबूळ, लसूणघास. दिवसाला अर्धा किलो ओला पाला एका बोकडाला मिळाला तर पेंडीवरचा भार खूप कमी होतो. सुबाबूळ मात्र एकूण चाऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त नको. तूर-हरभऱ्याचं भुसकट मिळत असेल तर कडब्याच्या कुट्टीत निम्मं मिसळा, ते कडब्यापेक्षा सरस असतं.

हिशोब दुसरा: घरचं मिश्रण

१०० किलोसाठी असं करता येईल:

- मका भरडा ४५ किलो
- गव्हाचा कोंडा २२ किलो
- सोयाबीन पेंड १५ किलो
- सरकी पेंड १५ किलो
- मिनरल मिक्श्चर २ किलो
- मीठ १ किलो

प्रोटीन साधारण १७ टक्के येतं. वरच्या भावांनी, मिनरल मिक्श्चर १२० रुपये आणि मीठ १५ रुपये किलो धरून, खर्च सुमारे ३१ रुपये किलो. वीस किलोच्या बोकडाला दिवसाला २५० ग्रॅम खुराक, अर्धा किलो पाला आणि अर्धा किलो कुट्टी-भुसकट, एवढ्यावर गाडी चालते.

कोंडा स्वस्त मिळाला म्हणून त्याचंच प्रमाण वाढवू नका. कोंड्यात आणि धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. त्याने नर जनावरात, विशेषतः खच्ची केलेल्या बोकडात, मुतखडा होतो. बोकड कुंथतोय, थेंब थेंब लघवी करतोय असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. मिनरल मिक्श्चर आणि मीठ हे पैसे वाचवायची जागा नाही.

हिशोब तिसरा: पैसे परत येतात का?

२५० ग्रॅम खुराक म्हणजे रोजचे पावणेआठ रुपये. १२० दिवसांत एका बोकडाला ३० किलो, म्हणजे ९३० रुपये. दहा बोकडांचे ९,३००. ही रक्कम कर्ज काढतानाच बाजूला ठेवायची. ताईंनी सगळे पैसे बोकडांतच घातले होते. बहुतेकांची चूक इथेच होते.

जिवंत वजनाला ४०० रुपये किलो भाव धरला तर रोज १९-२० ग्रॅम जास्तीची वाढ झाली की खुराकाचे पैसे निघाले. ५० ग्रॅम झाली तर चार महिन्यांत ६ किलो, म्हणजे २,४०० रुपये. पण वाढ होतेय की नाही हे डोळ्याने कळत नाही. एक लटकता काटा घ्या. दर पंधरा दिवसांनी सकाळी चारा-पाण्याआधी वजन करून वहीत लिहा. लागोपाठ दोन वेळा वाढ २० ग्रॅमच्या खाली आली तर खुराक वाढवत सुटू नका. जंत, आजार, चारा, यापैकी काय चुकतंय ते आधी शोधा.

खुराक सुरू करताना

१. आधी जंतनाशक आणि आंत्रविषाराची लस. धान्य वाढवलं की हा आजार धष्टपुष्ट जनावराला आधी पकडतो. जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्या.

२. पहिल्या दिवशी ५० ग्रॅम. दर तीन दिवसांनी ५० ग्रॅम वाढवा. २५० ग्रॅमवर यायला बारा दिवस लागू द्या.

३. आधी चारा, मग खुराक. दिवसातून दोनदा विभागून. आणि सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी लांब गव्हाण. दांडगे आणि अशक्त वेगळे बांधा.

४. थंडीत जनावर गार पाणी कमी पितं. पाणी कमी की चारा कमी आणि मुतखड्याचा धोका जास्त. उन्हात ठेवलेलं कोमट पाणी द्या.

५. पेंड हातात घेऊन वास घ्या. कुबट वास, बुरशी, गाठी दिसल्या तर ती फुकट मिळाली तरी नको. बुरशीचं विष लिव्हर खराब करतं. पोती जमिनीवर नाही, फळीवर ठेवा.

तारीख विसरू नका

बकरी ईद दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती. कुर्बानीसाठी बोकड वर्षाचा पूर्ण लागतो, गिऱ्हाईक दात उघडून बघतं. त्यामुळे थंडीत घेताना ईदेपासून उलटे १२० दिवस मोजा आणि त्या दिवशी बोकडाचं वय किती होईल हे आधी बघा.

ताईंचं पुढे काय झालं? एक गेला, नऊ राहिले. त्यांनी पुन्हा ५० ग्रॅमपासून सुरुवात केली, बांधावरची शेवरी छाटून आणली, वही घातली. सुरुवातीला वाया गेलेला महिना आणि मेलेल्या बोकडाचे पैसे काही परत आले नाहीत. पण नऊ बोकडांत गटाचा हप्ता चुकला नाही, आणि पुढच्या लॉटसाठी त्यांच्या हातात स्वतःचे आकडे आहेत.

तर पोतं आणायला जाण्याआधी आज एवढंच करा: गव्हाणीत सध्या काय काय आहे ते लिहा आणि दुकानातल्या चार मालांचे भाव विचारून पहिला हिशोब मांडा. आकडे कमेंटमध्ये टाका, आपण मिळून तपासू.