विश्लेषण : पगार मोठा की पिशवी भरलेली? मॉस्कोपासून वालचंदनगरपर्यंत मजुरीचा हिशोब

साम्यवादात मजूर सुखी होता की भांडवलशाहीत, हा वाद पारावर निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘रशियात घरभाडे नावालाच होते’ आणि ‘अमेरिकेत कामगारही स्वतःच्या गाडीतून कामावर जातो’. दोन्ही वाक्ये खरी आहेत. अडचण एवढीच, की एकाने भाड्याचा आकडा घेतलेला असतो आणि दुसऱ्याने गाडीचा. पिशवीत एकूण काय पडले, ते कोणीच मोजत नाही.

हे मोजायला फार दूर जावे लागत नाही. कऱ्हा आणि नीरेच्या काठच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात खासगी मालक, सरकारी महामंडळ आणि सहकारी कारखाना अशा तीन प्रकारच्या मालकांनी एकाच पिकावर, उसावर, मजूर राबवले. त्यामुळे मॉस्को आणि वॉशिंग्टनचा हिशोब इथल्या माणसाला लवकर कळेल.

मजुरी मोजायची कशी?

हातात पडलेले रुपये ही नुसती नावाची मजुरी. त्या रुपयांत काय येते, ती खरी मजुरी. १९८६-८७ हे वर्ष १०० धरून काढलेला शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ अखेर १३०० च्या वर गेला होता. म्हणजे तेव्हा शंभर रुपयांत घरात येणाऱ्या किराण्याला आता तेराशे मोजावे लागतात. ‘आजोबांना दहा रुपये रोज होता’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट असते. दहा रुपयांत ज्वारी किती येत होती, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दोन देशांची तुलना करताना तर चलनच वेगळे. रुबल-डॉलरचा सरकारी दर मॉस्कोतल्या अधिकाऱ्यांनी ठरवलेला, त्यावर विसंबून काही कळत नाही. म्हणून अभ्यासक एक साधे माप वापरतात : अमुक वस्तू घ्यायला किती तास काम करावे लागते?

हेच माप आपल्याकडे लावू. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तास धरले तर तासाला ३९ रुपये. किलोभर साखर ४५ रुपयांना धरली तर सव्वा तासाला थोडे कमी. गॅसची टाकी साडेआठशेच्या आसपास धरली, तर जवळपास पावणेतीन दिवस. मोबाइलचा २८ दिवसांचा तीनशेचा रिचार्ज म्हणजे सुमारे एक पूर्ण दिवस. आणि रेशनचे माणशी पाच किलो धान्य? शून्य तास. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तुमच्या गावात गड्याचा रोज यापेक्षा जास्त असेल, बाईचा कदाचित कमी. तुमचा आकडा घालून पाहा.

या छोट्या हिशोबातच दोन व्यवस्था दिसतात. टाकी आणि रिचार्ज बाजारातून, धान्य सरकारकडून. निव्वळ रोज पाहून मजुराची ऐपत ठरवली, तर रेशन आणि महिलांचे एसटीचे अर्धे तिकीट हिशोबातून सुटते. अर्थशास्त्रात याला सामाजिक वेतन म्हणतात. सोव्हिएत संघात याच सामाजिक वेतनाचा वाटा फार मोठा होता, आणि सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

मॉस्कोत तासाला काय मिळायचे?

१९८५ मध्ये सोव्हिएत कामगार-कर्मचाऱ्यांचा सरासरी पगार महिना १९० रुबल होता. तासाला साधारण एक रुबल पडतो. मॉस्को मेट्रोचे तिकीट १९६१ पासून तीस वर्षे पाच कोपेक राहिले, म्हणजे तीन मिनिटांचे काम. शाळा, दवाखाना मोफत.

१९८२ मध्ये रेडिओ लिबर्टीसाठी कीथ बुश यांनी मॉस्को आणि पाश्चात्त्य शहरांतल्या दुकानांतल्या किमती कामाच्या तासांत मांडल्या. मॉस्कोत महिन्याचे घरभाडे सुमारे १२ तासांचे, वॉशिंग्टनमध्ये सुमारे ५१ तासांचे. इथे मॉस्को सरळ पुढे. पण चार माणसांच्या कुटुंबाचा आठवड्याचा किराणा मॉस्कोत ५३ तासांहून जास्त, वॉशिंग्टनमध्ये १९ च्या आत. रंगीत टीव्ही मॉस्कोत सातशे तास, वॉशिंग्टनमध्ये ६५. रेडिओ लिबर्टी अमेरिकी पैशावर चाले, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण टोपली सोव्हिएत माणसाच्या खाण्यावरून घेतलेली होती, अमेरिकेच्या नव्हे. आणि सोव्हिएत दुकानातल्या किमती काही गुपित नव्हत्या, त्या वस्तूवरच छापलेल्या असत.

थोडक्यात, जे सरकारने ‘गरज’ ठरवले ते जवळपास फुकट, आणि जे ‘चैन’ ठरवले ते अतोनात महाग. मांस, लोणी, चांगले बूट यांचे स्थान मधे कुठेतरी, आणि खरी कुचंबणा तिथेच होती.

महाराष्ट्रातल्या जुन्या वाचकाने या व्यवस्थेची एक वस्तू हातात घेतलेली असते : प्रदर्शनात मिळणारी सोव्हिएत पुस्तके. जाड पुठ्ठा, रंगीत चित्रे, आणि किंमत दोन-पाच रुपये. त्या किमतीत कागदाचा खर्चही निघत नसेल. पुस्तके सरकारला लोकांनी वाचायला हवी होती, म्हणून स्वस्त. मोटार तशी नको होती, म्हणून ती वर्षानुवर्षे रांगेत.

रांग हीसुद्धा किंमतच

किंमत वाढवायची नाही आणि माल पुरेसा नाही, तेव्हा पैशाऐवजी वेळ मोजावा लागतो. सोव्हिएत गृहिणीचे दिवसातले काही तास दुकानापुढे जात. ते तास पगारपत्रकात दिसत नाहीत आणि निर्देशांकातही नाहीत. पूर्व जर्मनीत ट्राबांट मोटारीसाठी दहा वर्षांहून जास्त थांबावे लागे. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. स्कूटर, टेलिफोन आणि गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावून वर्षे काढलेली पिढी अजून घराघरांत आहे.

मग किंमत वाढवून रांग का संपवली नाही? एकदा प्रयत्न झाला होता. १ जून १९६२ ला मांस सुमारे ३० टक्क्यांनी आणि लोणी सुमारे २५ टक्क्यांनी महागले. नोवोचेरकास्क गावातल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात नेमके त्याच सुमारास कामाचे दर कमी केलेले होते. रोज घटला आणि मांस महागले, दोन्ही एकदम. कामगार रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी सैन्याने गोळ्या झाडल्या, २६ माणसे मेली, आणि पुढची अनेक वर्षे ही बातमी दाबून ठेवली गेली. कामगारांच्या राज्यात कामगारांवर पगारासाठी गोळीबार झाला, हा डाग सरकारने धुतला तो किमतींना हात न लावून. त्यानंतर जवळपास तीस वर्षे मूळ अन्नाच्या सरकारी किमती फारशा हलल्या नाहीत. रांगा लांबत गेल्या.

लोकांच्या बँकेत पैसा साठत गेला, कारण घ्यायला माल नव्हता. २ जानेवारी १९९२ ला रशियाने बहुतेक किमती मोकळ्या सोडल्या. त्या एका वर्षात किमती सुमारे पंचवीस पटींहून अधिक झाल्या. दुकाने भरली, रांगा गेल्या, आणि आयुष्यभराची शिल्लक काही महिन्यांत किराण्याच्या पिशवीएवढी उरली.

अमेरिकेची बाजूही सरळ नाही. तिथल्या साध्या कामगाराची ताशी खरी मजुरी १९७३ च्या सुमारास शिखरावर होती; त्यानंतर दोन दशके ती वाढली नाही, उलट घसरली. टीव्ही स्वस्त झाला. घर, कॉलेज आणि दवाखाना मात्र महागतच गेला. सोव्हिएत कामगाराला नेमक्या याच तीन गोष्टींची काळजी नव्हती.

वालचंदनगर : जमीन तीच, मालक बदलला

इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला तो १९३० च्या दशकात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, आसपासच्या शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली जमीन, आणि कारखान्याचे स्वतःचे ऊसमळे. त्याबरोबर वसाहत, शाळा, दवाखानाही आला. पगाराच्या बाहेर मालकाकडून मिळणाऱ्या गोष्टी म्हणजे फक्त साम्यवादाचा नमुना नव्हे. इथल्या भांडवलदारानेही घर आणि शाळा दिली, कारण माळरानावर त्याशिवाय माणूस टिकला नसता. फरक असा, की चाळीतले घर नोकरीला बांधलेले. नोकरी गेली की घर गेले.

मग आला १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा. सामान्य जमीनदाराची जादा जमीन भूमिहीनांना वाटायची होती; पण खासगी साखर कारखान्यांचे हजारो एकरांचे मळे तोडले तर ऊस कुठून येणार, असा प्रश्न पडला. तोडगा निघाला तो सोव्हिएत सरकारी शेतीची आठवण करून देणारा. मळे एकसंध ठेवायचे आणि मालक सरकारने व्हायचे. १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगर आणि रत्नपुरीचे मळे त्यात गेले.

ऊस तोच, पाट तोच, मजूरही बहुतेक तेच. पण आता ते महामंडळाचे कामगार झाले. हजेरीपट, ठरलेली वेतनश्रेणी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, राहायला मळ्यावरची चाळ. शेजारच्या जिरायत गावातल्या सालगड्याला यातले काहीच नव्हते. कागदावर पाहिले तर शेतमजुराला लाभलेली ही मोठीच मजल होती.

पुढे महामंडळ तोट्यात गेले. थकीत पगार आणि फरकासाठी कामगारांना मोर्चे काढावे लागले. स्वतः शेती कसणे महामंडळाने बंद केले आणि संयुक्त शेतीच्या नावाने जमिनी निविदा काढून खासगी लोकांकडे कसायला दिल्या. ज्यांच्या जमिनी दोन-तीन पिढ्यांपूर्वी खंडाने गेल्या होत्या त्या खंडकरी शेतकऱ्यांनी लांब लढा देऊन जमीन परत मिळवली. त्यांच्याकडे सातबारा होता. मळ्यावर आयुष्य घालवलेल्या कामगाराकडे तो नव्हता. राहत्या जागेसाठी दोन गुंठे मिळावेत, ही त्याची मागणी त्यातूनच आली.

ठरलेला पगार आणि हाती आलेला पगार यांत किती अंतर पडू शकते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणार नाही. खासगी मालकाने काढून टाकले तर नोकरी संपल्याचे कळते तरी. सरकारी मालकाकडे नोकरी चालू राहते आणि पगारच थांबतो.

रोज वाढला, काम आटले

असेच काहीसे रोजगार हमीत झाले. १९७२ च्या दुष्काळात बारामती-इंदापूरची जिरायत गावे खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर गेली, सुकडी आणि लाल मिलोवर जगली. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. त्यातूनच ‘मागेल त्याला काम’ हा कायदा झाला आणि जानेवारी १९७९ पासून लागू झाला. बाईला आणि गड्याला एकच दर, ही गावात न दिसणारी गोष्ट या कामावर दिसली.

१९८८ मध्ये शेतीचे किमान वेतन जवळपास दुप्पट झाले आणि त्यासोबत हमीचा रोजही. मजुराची चांदी व्हायला हवी होती. पण रवॅलियन, दत्त आणि चौधुरी या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसले ते असे, की त्यानंतर कामावरची हजेरीच घटली. पैसा मर्यादित, म्हणून कामे कमी निघाली. हमी कायद्यात राहिली, प्रत्यक्षात मात्र कामाचेच रेशनिंग झाले. मॉस्कोत मांसाला रांग होती. इथे ती कामाला लागली.

केरळचा लाल झेंडा

मग सरकारने मजुरी वाढवायची नाही का? केरळकडे पाहावे लागते. १९५७ मध्ये तिथे निवडणुकीतून कम्युनिस्ट सरकार आले, १९७० पासून कूळ जमिनीचा मालक झाला. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार २०२२-२३ मध्ये ग्रामीण शेतमजुराचा रोज केरळात ७६४ रुपये होता. देशाची सरासरी ३४५, आणि महाराष्ट्र त्याही खाली. श्रीमंत म्हणवणाऱ्या आपल्या राज्याने हा आकडा जरा थांबून वाचावा.

पण हे नुसते झेंड्याचे श्रेय नाही. शाळा, संघटित मजूर आणि आखाताकडे गेलेले तरुण यांनी मिळून तिथे हात महाग केला. पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी सलग ३४ वर्षे सत्तेवर होती, तिथला शेतमजूर केरळच्या जवळपासही पोचला नाही. उलट तोच मजूर आज केरळात कामाला जातो.

कोयत्याचा हिशोब

बारामती-इंदापूरची खरी ओळख तिसऱ्या व्यवस्थेची : माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. मालक शेतकरी सभासद, कामगारांचे वेतन राज्यपातळीवर त्रिपक्षीय समितीत ठरणारे, उसाला केंद्राने ठरवलेली एफआरपी. २०२४-२५ साठी टनाला ३४०० रुपये. सहकाराने सभासदाची आणि कायम कामगाराची ऐपत वाढवली, हे इथली घरे पाहिली की कळते. ऊस तोडणारा मात्र सभासद नाही आणि कायम कामगारही नाही. तो बीडकडून उचल घेऊन येतो.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला सुमारे ३६६ रुपये. जोडीने दिवसाला दोन टन तोडले तर ७३२ रुपये. पहाटेपासून गाडी भरेपर्यंत माणशी बारा तास धरले तर दोघांचे चोवीस तास, म्हणजे तासाला साडेतीस रुपये. रोजगार हमीच्या ३९ पेक्षाही कमी.

आणि ती ३४ टक्क्यांची वाढ? आधीचा दर २०२० मध्ये ठरून तीन हंगाम तिथेच थांबला होता. त्या तीन वर्षांत देशातल्या किरकोळ किमती सुमारे १९ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे मोठा वाटा नुसती जुनी झीज भरून काढण्यात गेला, खरी वाढ उरली बारा टक्क्यांच्या आसपास. नवा करारही तीन हंगामांचा. वर्षाला पाच टक्के महागाई धरली, तर शेवटच्या हंगामाचा पट्टा पडेपर्यंत तेवढीही उरत नाही.