आजीबाईंचा बांक

घरांत एखादी सून उगीच गप्प राहूं लागली, ताटावर बसून घास चिवडूं लागली, म्हणजे वडील माणसें म्हणतात, "अग, इतका विचार करूं नये." दुखणें ओळखलेलें असतें, पण त्यास नांव द्यावयाचें नसतें. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांतील झिम्बाब्वे देशांत शोना भाषा बोलणाऱ्या कृष्णवर्णीय बायकाही नेमकें हेंच म्हणतात. त्यांचा शब्द आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणें. झोप उडणें, वारंवार डोळ्यांस पाणी येणें, जीव नकोसा वाटणें, हें सारें त्या एका शब्दांत येतें.

या शब्दाचा कसून अभ्यास करणाऱ्यांत आपल्या मुंबईस जन्मलेले डॉ. विक्रम पटेल होते, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ते हरारे येथें काम करीत होते. पाश्चात्य ग्रंथांतील लक्षणांचें नुसतें भाषांतर न करतां, तेथील रुग्ण स्वतःच्या तोंडानें काय सांगतात तें ऐकून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १४ प्रश्नांची यादी तयार केली. पुढें जें घडलें त्यांत ही यादी फार उपयोगी पडली.

तेथील बायकांस विचार कां फार होतात, हें समजण्यास लांब जावें लागत नाहीं. एच. आय. व्ही.च्या साथीनें घरोघरचीं कर्तीं माणसें नेलीं आणि नातवंडें आज्यांच्या पदरांत पडलीं. त्यांतच २००५ सालच्या मे महिन्यांत सरकारनें 'मुरंबात्स्विना' या नांवानें शहरांतील झोपड्या व टपऱ्या पाडण्याची मोहीम काढली. या शब्दाचा अर्थ घाण हांकून लावणें. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ७ लाख माणसांचें घर, धंदा किंवा दोन्हीही गेलें. पाडलेल्या घरांत राहणाऱ्या आयाबहिणींस तें नांव ऐकून काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकभगिनींनींच करावी.

याच सुमारास हरारेचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका २६ वर्षांच्या रुग्ण स्त्रीनें आत्महत्या केली. तिला दवाखान्यांत आणावयाचें होतें, पण बसभाड्याचे १५ डॉलर घरांत नव्हते. ही हकीगत डॉक्टरांनीं स्वतः जाहीरपणें सांगितली आहे. रुग्ण आपल्यापर्यंत येऊं शकत नसेल तर आपण तिच्यापर्यंत कसें जावें, हा प्रश्न त्यांच्या मनांत घर करून बसला. साऱ्या देशांत या विषयाचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके होते. म्बारे या गरीब वस्तींतील दवाखान्यांत गेले, तों परिचारिकांस सवड नाहीं आणि खोलीही रिकामी नाहीं. मिळालें तें एवढेंच: बाहेरचें आंगण, आणि आरोग्यसेविका म्हणून काम करणाऱ्या १४ आजीबाई. साल २००६. डॉक्टरांस प्रथम हें कांहीं फारसें रुचलें नव्हतें.

परंतु पहिला धडा आजीबाईंनींच दिला. डॉक्टरांनीं योजलेलें नांव होतें 'मानसिक आरोग्याचा बांक'. आज्या म्हणाल्या, अशा नांवाच्या बांकावर कोण बसेल? मग नांव ठेवलें 'चिगारो चेकुपनमझानो', म्हणजे जेथें एकमेकांस युक्ती सुचवावी तो बांक. दवाखान्याच्या आवारांत एक साधा लांकडी बांक. १४ प्रश्नांच्या यादीवरून जिला अधिक त्रास दिसे, तिला तेथें पाठवावयाचें. आजी प्रथम तिला सर्व बोलूं देते, यास त्या 'मन उघडणें' म्हणतात. मग अनेक अडचणींतून एक निवडावयाची, तीही त्या बाईनेंच. तिच्यावर उपाय काय, उद्यां पहिलें पाऊल कोणतें, हें दोघींनीं मिळून ठरवावयाचें. अशा साधारण सहा बैठका होतात. आजी उपदेश करीत नाहीं. हें तिला शिकावें लागतें; आणि आमच्या मतें सर्वांत कठीण भाग तोच असावा!

ही केवळ भाबडी समजूत नव्हे. हरारेच्या २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर प्रयोग करून त्याचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. रुग्णांत बहुतेक स्त्रियाच होत्या, आणि शेंकडा ४० हून अधिक लोकांस एच. आय. व्ही.ची बाधा होती. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकीं सुमारें निम्म्या लोकांत नैराश्याचीं लक्षणें आढळलीं. बांकावर बसलेल्यांत तें प्रमाण शेंकडा १४ च्या आसपास होतें.

इकडे गोव्यांत डॉ. पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं 'संगाथ' ही संस्था काढली. तेथेंही डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या सल्लागारांकडून असेंच काम करवून पाहिलें. त्याचा निकाल २०१० मध्यें आला. सरकारी आरोग्यकेंद्रांत गुण स्पष्ट दिसला, खाजगी डॉक्टरांकडे तितका फरक पडला नाहीं.

आमच्या एकत्र कुटुंबांत आजी तर घरींच असते, मग बांक कशाला, असें कोणी म्हणेल. पण घरची आजी पुष्कळदां तंट्यांतील एक पक्ष असते. सुनेनें सासूची कागाळी सासूच्या सासूपाशीं कशी न्यावी? म्बारेची आजी त्याच वस्तींतली, तेंच पाणी भरलेली, आणि तरीही परकी. बोललेलें स्वयंपाकघरांत परत येणार नाहीं, एवढा भरंवसा तिच्यापाशीं असतो.

बैठका संपल्यावर बाईस एकटी सोडीत नाहींत. 'कुबतना तोसे', म्हणजे हातांत हात, या नांवाचीं मंडळें आहेत. अगोदर बांकावर बसून गेलेल्या बायका तेथें गोल करून बसतात आणि टाकाऊ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या अंकुशसुईनें विणतात. वाती वळतांना किंवा शेवया करतांना आपल्याकडे जसें होतें तसेंच तेथेंही होतें. हात गुंतलेले, नजर खालीं, आणि जें समोरासमोर बोलवत नाहीं तें सहज बोललें जातें. पिशव्या विकून चार पैसे मिळतात, आणि पुढच्या आठवड्यास पुन्हां येण्यास निमित्त राहतें.