कंदिलाची ज्योत आणि चित्राची फाइल

उन्हात ठेवलेला पांढरा कागद अधिक तेजस्वी की आकाशातील सूर्य? याचे उत्तर लहान मूलही देईल. पण या दोघांचे एकत्र छायाचित्र पाहिले, तर बहुधा दोन्ही सारखेच पांढरे दिसतील. कारण छापील कागदाला किंवा पडद्याला पांढऱ्याच्या पुढे जाऊन उजेड दाखवता येत नाही. संगणकावर तयार होणाऱ्या ॲनिमेशनपटातही असेच घडते. तेथे पडद्याची ही मर्यादा चित्राच्या फाइलमध्येही शिरली, तर मोठे नुकसान होते.

ॲनिमेशनपट म्हणजे स्थिर चित्रांची मालिका. अशा एका चित्राला 'फ्रेम' म्हणतात. चित्रपटात दर सेकंदाला साधारणपणे २४ फ्रेम लागतात. म्हणजे एका मिनिटाला १,४४० आणि दीड तासाच्या चित्रपटाला १,२९,६०० फ्रेम झाल्या. प्रत्येक फ्रेमसाठी संगणक प्रकाशाचा हिशेब करतो. दिव्याचा किरण कोठे पडला, भिंतीने त्यातला किती परत पाठवला, काचेतून किती आरपार गेला, हे सारे तो मोजतो. या कामाला 'रेंडर करणे' म्हणतात. एका फ्रेमला कधी काही मिनिटे लागतात, तर कधी कित्येक तास. म्हणून तयार झालेली फ्रेम कशी साठवायची, हा प्रश्न लहान नाही.

आता एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ आहे. टेबलावर एक पत्र पडले आहे आणि शेजारी कंदील जळत आहे. संगणकाने हिशेब केला. भिंतीचा उजेड ०.२, पत्राचा १, कंदिलाच्या काचेचा ८ आणि ज्योतीचा ४० निघाला. येथे १ म्हणजे पडद्यावरचा पूर्ण पांढरा रंग.

ही फ्रेम जेपीईजी या नेहमीच्या प्रकारात साठवली, तर काय होईल? त्या फाइलमध्ये लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगासाठी ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. शेवटची पायरी म्हणजे १. त्याच्या वरचे सगळे छाटले जाते. त्यामुळे पत्र १, काच १ आणि ज्योतही १ होते. पडद्यावर पाहताना हे लक्षातही येत नाही, कारण तिन्ही पांढरीच दिसणार होती.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक म्हणतो, "दृश्य फार उजळ झाले आहे. एक्स्पोजर दोन स्टॉप कमी करा." एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड, दोन स्टॉप म्हणजे पाव. छाटलेल्या फाइलमध्ये पत्राचे ०.२५ होते, ते ठीकच आहे. पण ज्योतीचेही ०.२५ होते! जळता कंदील राखाडी कागदाच्या तुकड्यासारखा दिसू लागतो. मूळ आकडे जपले असते तर काच २ आणि ज्योत १० राहिली असती, म्हणजे दोन्ही झगझगीतच. गेलेले आकडे आता कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत. फ्रेम पुन्हा रेंडर करावी लागते.

काही जण यावर १६ बिटांची पीएनजी फाइल सुचवतात. तिच्यात ६५,५३६ पायऱ्या असतात, त्यामुळे अंधाऱ्या भागातील छटा अधिक बारीक उमटतात आणि पट्टे दिसत नाहीत. हा फायदा खरा आहे. पण शिडीच्या पायऱ्या वाढवल्या म्हणून शिडी उंच होत नाही. तिचे वरचे टोक १ वरच राहते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' ही चित्रपटांतील करामती दृश्ये तयार करणारी संस्था आहे. तिला हीच अडचण आली. २००० सालाच्या सुमारास तिने 'ओपन ईएक्सआर' हा नवा फाइलप्रकार तयार केला. २००१ च्या पहिल्या हॅरी पॉटर चित्रपटाच्या कामात तो वापरला गेला. २००३ मध्ये संस्थेने तो सर्वांना खुला केला. या कामाबद्दल फ्लोरियन कॅन्झ यांना पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

या फाइलमध्ये साधारणपणे १६ बिटांचा दशांश आकडा साठवतात. तो ६५,५०४ पर्यंत जाऊ शकतो. उजेड दुप्पट होईपर्यंत १,०२४ पायऱ्या, पुन्हा दुप्पट होईपर्यंत आणखी १,०२४, अशी त्याची रचना आहे. अंधारात पायऱ्या बारीक आणि उजेडात मोठ्या. आपल्या डोळ्यालाही अंधारातला थोडा फरक चटकन जाणवतो, म्हणून ही रचना सोयीची आहे. फाइल मात्र मोठी होते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची फ्रेम ८ बिटांत सुमारे ६२ लाख बाइट घेते, येथे त्याच्या दुप्पट. एकही आकडा न गमावता ती दाबून लहान करता येते, तेव्हा हा खर्च परवडतो.

नवशिक्यांना येथे एक गोष्ट गोंधळात टाकते. 'ब्लेंडर' या मोफत मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये एक्स्पोजर दोन ठिकाणी असते. एक फ्रेमचे आकडेच बदलते. दुसरे रंग-व्यवस्थापनाच्या विभागात असते, ते फक्त पडद्यावरचे दिसणे बदलते. ते चष्म्यासारखे आहे. पीएनजीमध्ये चष्म्यातून दिसलेले चित्र साठवले जाते, तर ईएक्सआरमध्ये चष्म्याशिवायचे. म्हणून ती फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की चित्र बिघडल्यासारखे वाटते. ते बिघडलेले नसते. तेथे तोच चष्मा पुन्हा लावावा लागतो.

आणखी एक काळजी घेतात. रेंडर करताना थेट व्हिडिओ न बनवता प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल करतात. नऊशे फ्रेम झाल्यावर वीज गेली, तर व्हिडिओची अर्धवट फाइल बहुधा उघडतच नाही. वेगळ्या फाइली असल्या, तर नऊशे हाती राहतात आणि काम ९०१ पासून सुरू होते. व्हिडिओ सर्वांत शेवटी, रंग व उजेड ठरल्यावर करायचा. २०१५ नंतर घरोघरी येऊ लागलेले एचडीआर दूरदर्शन संच जुन्या पांढऱ्याहून कितीतरी अधिक उजेड दाखवतात. ज्यांनी ईएक्सआर फ्रेम जपल्या आहेत, त्यांना अशा संचांसाठी त्याच फ्रेमवरून नवी प्रत काढता येते. तेथे कंदिलाची ज्योत पत्राहून खरोखरच उजळ दिसते.